टॅब मुका होतो तेव्हा

जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तेलंगणातील शाळा उघडतात. एप्रिलच्या अखेरीस कुलूप घातलेली लोखंडी कपाटे त्या वेळी उघडली जातात आणि खडू, नकाशे व हजेरीपट ह्यांच्याबरोबर गेल्या काही वर्षांपासून आणखी एक वस्तू बाहेर निघू लागली आहे, ती म्हणजे टॅब. कोठे तो शाळेचा असतो, कोठे आरोग्यसेविकेच्या नोंदींचा, तर कोठे एखाद्या शेतकऱ्याने कापसाच्या पैशांतून मुलांसाठी घेतलेला. बटण दाबावे, वाट पाहावी, पुन्हा दाबावे, आणि पडदा काळा तो काळाच! 'गेला वाटते,' असे कोणीतरी म्हणतो आणि तो टॅब एक तर पुन्हा कपाटात जातो किंवा बाजारच्या दिवशी पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानी नेला जातो.

बेला, जैनद, तामसी ह्या पैनगंगेकाठच्या भागांतील आपल्या मराठी कुटुंबांना ही अडचण अधिक जाचते. पाटी फुटली तर दुसरी पाटी बाजारात मिळते, परंतु टॅब बंद पडला आणि कंपनीचे अधिकृत केंद्र जवळपास नसले तर नागपूर सुमारे २०० किलोमीटर आणि हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. एका दिवसाची मजुरी, जाण्यायेण्याचे भाडे आणि वर दुरुस्तीचा खर्च, असा हिशेब करता करता टॅब पडून राहतो. म्हणून ह्या विषयाची थोडी तपशिलात माहिती करून घेणे वाचकांस उपयोगी पडेल असे वाटते.

आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवतो. चालू न होणारा टॅब बहुधा मेलेला नसतो, तो उपाशी असतो. आणि दुसरी गोष्ट अशी की, अशा वेळी खरा धोका यंत्राला नसून यंत्राच्या पोटात जे साठवलेले असते त्याला असतो. यंत्र पैशाने पुन्हा मिळते. त्यातील मजकूर, छायाचित्रे, आवाज ही पुन्हा मिळतीलच असे नाही. ह्यास्तव उपायांचा क्रम महत्त्वाचा. ज्याने काहीही बिघडत नाही तो उपाय आधी आणि जो केल्यावर मागे फिरता येत नाही तो अगदी शेवटी.

टॅब उठतो तरी कसा? बटण दाबताच त्यातील मुख्य चकती, जिला प्रोसेसर म्हणतात, ती जागी होते. तिच्यात कारखान्यातच कायमच्या कोरलेल्या थोड्याशा सूचना असतात. त्या सूचना साठवणीतील दुसऱ्या एका लहान प्रणालीला हाक मारतात. ती प्रणाली पडद्यावर कंपनीचे नाव दाखवते आणि तिसरीला उठवते. तिसरी म्हणजे यंत्राचा गाभा. तो जागा झाला म्हणजे अँड्रॉइडचा सारा संसार उठू लागतो आणि पडद्यावर हलते चित्र दिसते. पहाटे घरात आधी एक जण उठून चूल पेटवतो, मग दुसऱ्याला हाक जाते, मग मुले उठतात, तसाच हा प्रकार. इंग्रजीत ह्या क्रियेला 'बूट होणे' म्हणतात. स्वतःच्याच बुटाच्या मागील फीत धरून स्वतःला उचलण्याच्या एका जुन्या वाक्प्रचारावरून तो शब्द आला आहे.

हा क्रम ध्यानात ठेवला म्हणजे बिघाड कोठे आहे ह्याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो. पडद्यावर काहीच नाही, थरथर नाही, आवाज नाही, तर चूलच पेटलेली नाही, म्हणजे विजेचा प्रश्न आहे. कंपनीचे स्थिर नाव येते आणि तेथेच थांबते, तर पुढची हाक पोहोचलेली नाही. हलते चित्र फिरत राहते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, तर घर उठले आहे, पण कोणीतरी दारात अडून बसला आहे. ह्यांखेरीज एक फसवा प्रकार असतो. टॅब थरथरतो, आवाज करतो, परंतु पडदा काळा राहतो. अशा वेळी अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा उजेड पडद्यावर तिरका टाकून पाहावा. पुष्कळशा टॅबवर आत अंधुक चित्र दिसले तर टॅब चालू आहे, केवळ पडद्यामागचा दिवा गेला आहे असे समजावे. त्यास बाजारातील साधा कारागीरही दुरुस्त करू शकतो आणि आतला मजकूर सुरक्षित असतो.

आता त्या उपासमारीविषयी. टॅबच्या बॅटरीत लिथियम असते. ती पूर्ण भरली म्हणजे तिचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो (नव्या बॅटऱ्यांत किंचित अधिक), आणि तो साडेतीनच्या खाली घसरू लागला म्हणजे टॅब स्वतःच बंद होतो. तेथे गोष्ट संपत नाही. बंद टॅबमधूनही अत्यल्प वीज झिरपत राहते. एप्रिलमध्ये 'शून्य टक्के' दाखवून बंद झालेला टॅब सहा-सात आठवडे कपाटात राहिला, तर बॅटरीचा दाब तीन व्होल्टच्याही खाली जातो. मग तिच्यातील संरक्षक मंडल तिला बाहेरच्या जगापासून तोडून टाकते. अशा बॅटरीला चार्जर जोडला तरी चार्जिंगची चकती तिला एकदम पोटभर वीज देत नाही. नेहमीच्या प्रवाहाचा सुमारे दहावा हिस्सा, थेंबाथेंबाने देत राहते. दीर्घ उपवासानंतर माणसाला आधी पेजच द्यावी लागते, तसेच हे. ह्या काळात पडदा काळाच राहतो. अर्धा तास, एक तास, कधी त्याहूनही अधिक. बहुतेक माणसे पाच मिनिटे थांबतात, दहा वेळा बटण दाबतात आणि निराश होऊन चार्जर काढतात. प्रत्येक वेळी बटण दाबल्याने त्या थेंबभर विजेचाही व्यय होतो हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आमच्या जिल्ह्यात ह्यात उन्हाची भर पडते. मे महिन्यात आदिलाबादचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छताखालील बंद लोखंडी कपाटात तो त्याहूनही वर जात असेल. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि अनेक टॅब तापमान अधिक झाले की चार्जिंग स्वतःहून थांबवतात. दुपारी दोन वाजता खिडकीशी ठेवलेला टॅब चार्ज होत नाही म्हणून तो बिघडला असे ठरवणे म्हणजे त्या यंत्रावर अन्याय आहे. त्याला सावलीत, मोकळ्या हवेत ठेवा आणि पहाटे किंवा रात्री चार्जर लावा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरते आणि नवाच रोग जडतो.

चार्जर कोणता, हेही पाहावे. टॅबला साधारणपणे ५ व्होल्ट आणि २ ॲम्पिअर, म्हणजे १० वॅट देणारा चार्जर लागतो. जुन्या मोबाइलचा लहान चार्जर ह्याच्या निम्मेही देत नाही, आणि संगणकाच्या जुन्या धाटणीच्या खाचेतून तर अर्धाच ॲम्पिअर मिळतो. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत हे आकडे छापलेले असतात. भारतीय मानक ब्युरोचे चिन्हही तेथेच पाहून घ्यावे. वायर बदलून पाहावी, कारण दहांपैकी कित्येक वेळा दोष त्या वीस रुपयांच्या वायरीत निघतो. टॅबच्या खाचेत कापसाचे तंतू व धूळ साचलेली असते. ती कोरड्या लाकडी काडीने, टॅब चार्जरपासून काढून, हलक्या हाताने खरवडावी. सुई किंवा टाचणी घालू नये. मग चार्जर लावून टॅब तीन-चार तास तसाच, न छेडता राहू द्यावा. मधून पाठीला हात लावून पाहावा. ती कोमट लागली तर आत वीज जात आहे, आशा आहे असे समजावे.

स्वस्त टॅब आणि दुबळी बॅटरी ह्यांची जोडी आपल्या देशात जुनीच आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत 'आकाश' नावाचा टॅब मोठ्या समारंभाने प्रकाशित झाला. विद्यार्थ्यांसाठी शासनाने घेतलेल्या त्या टॅबची किंमत सुमारे २,२७६ रुपये होती आणि तो आपल्या हैदराबादेतच जोडला जात असे. जगभर त्याचा गाजावाजा झाला. परंतु सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि २,१०० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी एवढ्यावर विद्यार्थ्याचा दिवस निघणे कठीण होते. मंदपणा, तापणे, बॅटरी लवकर उतरणे ह्या तक्रारी लगेच आल्या. पुढच्या वर्षी आयआयटी मुंबईने ते काम हाती घेतले आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी ह्यांच्या हस्ते 'आकाश-२' प्रकाशित झाला. त्यात बॅटरी व प्रोसेसर दोन्ही वाढवावे लागले होते. मुंबई महानगरपालिकेने २०१५ साली आपल्या शाळांतील आठवीच्या मुलांना टॅब दिले. तो उपक्रम हेतूने चांगलाच होता. तथापि पुढील काही वर्षांत नादुरुस्त टॅब पडून राहिल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. टॅब वाटण्याचा समारंभ एका दिवसाचा असतो, त्यांना वर्षानुवर्षे चार्ज करीत राहण्याचे काम कोणाचे हे मात्र कोणी ठरवीत नाही.

असो. चार तासांनंतरही टॅब मुकाच राहिला, तर त्याला जबरदस्तीने उठवण्याची रीत आहे. प्रथम त्याचे रबरी आवरण काढावे. आवरण तंग असले की आवाजाचे बटण आत दाबलेलेच राहते आणि टॅब भलत्याच वाटेने जागा होऊ पाहतो. मग पॉवरचे बटण घड्याळ लावून पूर्ण तीस सेकंद दाबून धरावे. कित्येक टॅबमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण दोन्ही एकत्र दहा-पंधरा सेकंद दाबावे लागते. आयपॅडची तऱ्हा वेगळी. गोल बटण असलेल्या आयपॅडवर ते व वरचे बटण एकत्र धरावे. गोल बटण नसलेल्यावर आवाजाच्या दोन बटणांपैकी वरच्या बटणाजवळचे आधी आणि लांबचे नंतर पटकन दाबून सोडावे व मग वरचे बटण कंपनीचे चिन्ह दिसेपर्यंत धरून ठेवावे. ह्या कोणत्याही कृतीने आतील मजकूर पुसला जात नाही, तेव्हा भिण्याचे कारण नाही.

चिन्ह येऊन अडकत असेल तर चार्जर जोडलेलाच ठेवून पुन्हा पाहावे. उठताना टॅबला वीज अधिक लागते. म्हातारी बॅटरी तो भार सोसत नाही आणि ऐन दारात टॅब कोसळतो. चार्जरवर उठतो आणि चार्जर काढताच पडतो असे दिसले तर बॅटरी बदलणे एवढाच उपाय, आणि तो महागही नाही. त्यानंतर सिमकार्ड व मेमरी कार्ड दोन्ही बाहेर काढून प्रयत्न करावा. खराब झालेले मेमरी कार्ड वाचता वाचता टॅब तेथेच अडून बसतो, हे कारण पुष्कळ कारागिरांच्याही ध्यानात येत नाही.

येथे गेल्या पावसाळ्यातील एक हकिगत सांगण्याजोगी आहे. पैनगंगेकाठच्या एका गावातील शेतकरी अभ्यासिकेत टॅब घेऊन आला. १ सप्टेंबर २०२० पासून तेलंगणातील शाळांचे पाठ दूरदर्शनवर आणि मोबाइलवर सुरू झाले, त्या दिवसांत त्याने मुलीसाठी तो घेतला होता. बाजारातील एका दुकानदाराने तो हातात घेऊन दोनदा बटण दाबले आणि सांगितले, "सॉफ्टवेअर मारावे लागेल. पाचशे रुपये." शेतकऱ्याकडे पाचशे रुपये होते. तरी तो उठून आला, आणि का आला हे त्याने एका वाक्यात सांगितले, "त्याच्यात माह्या मायचा आवाज हाये, फादर." नातीने शाळेच्या उपक्रमासाठी आजीकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेऊन टॅबवर उतरवल्या होत्या. म्हातारी त्याच हिवाळ्यात वारली.

'सॉफ्टवेअर मारणे' हा दुकानांतील शब्दप्रयोग वाचकांनी ऐकला असेल. त्याचा अर्थ टॅबमधील सारी व्यवस्था पुसून नव्याने घालणे. असे केल्याने पुष्कळदा टॅब चालू होतो, हे खरे. पण जे आत होते ते सर्व जाते, हे दुकानदार सांगतोच असे नाही, कारण गिऱ्हाईक विचारीत नाही. त्या टॅबचे रबरी आवरण काढून तो चांगल्या चार्जरवर ठेवला. चाळीस मिनिटे काही नाही, केवळ पाठ कोमट. नंतर बॅटरीचे चित्र आले. दोन तासांनी चिन्ह आले आणि फिरत राहिले. मेमरी कार्ड काढले. चिन्ह थोडा वेळ फिरले आणि कुलपाचा पडदा आला. ओव्या कार्डावर नव्हत्या, टॅबच्या पोटातच होत्या. मुलीने त्या आधी वडिलांच्या फोनवर आणि मग अभ्यासिकेच्या संगणकावर उतरवून घेतल्या. वडील बाहेर ओट्यावर जाऊन बसले होते. आवाज सुरू झाला तेव्हा ते आत आले नाहीत, तेथेच बसून राहिले.

प्रत्येक टॅब असा उठेल अशी आशा कोणी धरू नये. त्याच महिन्यात आलेला दुसरा एक टॅब वीज कडाडत असताना चार्जरला लावलेला होता. त्याची पाठ कधी कोमट झालीच नाही. मृगाच्या तोंडी वळवाचे ढग दाटले की चार्जर भिंतीतून उपटून ठेवावा, बटण बंद करणे पुरेसे नाही.

इतके करूनही यंत्र चिन्हावरच फिरत राहिले तर एक आडवाट आहे. बहुतेक अँड्रॉइड टॅबमध्ये पॉवर व आवाज वाढवण्याचे बटण एकत्र दाबून 'रिकव्हरी' नावाची यादी उघडता येते. काही नव्या टॅबना त्या वेळी वायरीने संगणकाला जोडावे लागते. ह्या यादीत इंग्रजीत अनेक ओळी असतात. 'रिबूट' ही ओळ निरुपद्रवी आहे. 'वाइप कॅशे पार्टिशन' असेल तर तीही चालेल. तिच्याने तात्पुरती अडगळ जाते, तुमची छायाचित्रे जात नाहीत. परंतु 'वाइप डेटा' किंवा 'फॅक्टरी रिसेट' ही ओळ म्हणजे सॉफ्टवेअर मारणेच होय. दोन्ही ओळी एकमेकींखाली असतात आणि दोन्हींचा आरंभ 'वाइप' ह्याच शब्दाने होतो! इंग्रजी नीट वाचणारा कोणी जवळ असल्यावाचून तेथे बोट चालवू नये. आयपॅड संगणकाला जोडल्यास 'अपडेट' आणि 'रिस्टोअर' असे दोन पर्याय येतात. पहिला मजकूर राखण्याचा प्रयत्न करतो, दुसरा पुसतो.

सारे पुसण्याची वेळ आलीच, तर त्याआधी एक प्रश्न घरात विचारावा. ह्या टॅबवर कोणाचे गुगल खाते आहे आणि त्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे? २०१५ सालच्या अँड्रॉइड ५.१ पासून अशी योजना आहे की, रिकव्हरीतून पुसलेला टॅब उठताना पूर्वीचेच खाते मागतो. ही सोय चोरांविरुद्ध आहे, पण ज्या घरात खाते दुकानदाराने उघडून दिले आणि पासवर्ड कोणीच लिहून ठेवला नाही, तेथे मालकच चोर ठरतो. तसेच टॅब उघडून आतील साठवणीची चकती काढली म्हणजे छायाचित्रे मिळतील, ह्या आश्वासनावर पैसे देऊ नयेत. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ नंतर, नव्या यंत्रांतील मजकूर सांकेतिक लिपीत साठवला जातो आणि त्याची किल्ली त्याच यंत्रात असते. चकती वेगळी झाली की ती निरर्थक अक्षरांची रास होते. म्हणून मजकूर वाचवायचा असेल तर तेच यंत्र, तेवढ्यापुरते का होईना, उठवावे लागते. बॅटरी नवी घालून, चार्जिंगची खाच बदलून, पडद्याचा दिवा दुरुस्त करून. कारागिराकडे टॅब देताना 'चालू करून द्या' असे न म्हणता 'आतले काही न पुसता चालू होत असेल तर करा, नाही तर तसाच परत द्या' असे म्हणावे आणि ते कागदावर लिहून टॅबला चिकटवावे.

आरोग्यसेविका भगिनींना येथे वेगळे सांगणे आहे. त्यांच्या नोंदी नेटवर्क मिळताच मुख्य संगणकाकडे जातात, हे खरे. परंतु नेटवर्क नसलेल्या पाड्यावर केलेल्या नोंदी तोवर टॅबमध्येच असतात. टॅब बंद पडल्यास शेवटी केव्हा व कोठे नेटवर्क मिळाले होते ते वहीत टिपून ठेवावे, म्हणजे कोणत्या गरोदर स्त्रीची, कोणत्या बाळाच्या लसीची नोंद पुन्हा करावी लागेल ते कळते.

पुढील एप्रिलमध्ये कपाटाला कुलूप घालण्यापूर्वी टॅब पूर्ण भरूनही ठेवू नये आणि रिकामाही ठेवू नये. पन्नास टक्क्यांच्या आसपास बॅटरी ठेवून, पूर्ण बंद करून, पत्र्याखालच्या खोलीत न ठेवता त्यातल्या त्यात थंड जागी ठेवावा आणि सुटीत एकदा, मे महिन्याच्या मध्यावर, कोणीतरी येऊन तासभर चार्ज करावा. बॅटरी फुगून पडदा कडेने उचलला गेलेला दिसला तर मात्र चार्जर मुळीच लावू नये, दाबून बसवू नये, टोचू नये. तो टॅब घराबाहेर, वाळलेल्या कापसापासून दूर ठेवावा आणि लवकरात लवकर कारागिराकडे न्यावा. काढलेली बॅटरी उकिरड्यावर टाकावयाची नसते. २०२२ सालच्या केंद्रीय नियमांनुसार बॅटऱ्या विकणाऱ्या कंपन्यांवरच त्या परत गोळा करण्याची जबाबदारी आहे, तेव्हा नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानात द्यावी.